उजवीकडे देव, डावीकडे देव

गेल्या महिन्यात ताई तिच्या मुलीसाठी, म्हणजे माझ्या भाचीसाठी, वधू-वर सूचक मंडळाचा फॉर्म घेऊन आमच्या दादरच्या घरी आली. चार पानं. शिक्षण, पगार, स्वतःचं घर आहे का, परदेशी जायची तयारी आहे का, अपेक्षा काय. पहिल्याच पानावर रास, नक्षत्र, नाड, गण यांच्या खाली एक रकाना होता: मंगळ. पुढे तीन चौकोन. आहे, नाही, सौम्य. बाकीचा फॉर्म ताईने सुवाच्य अक्षरात भरून आणला होता, तेवढा रकाना कोरा होता. भाचीच्या पत्रिकेत मंगळ बाराव्या स्थानी आहे. “सौम्यवर खूण करू का रे?” तिने विचारलं. “सौम्य म्हटलं की निदान फोन तरी येतात.”

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. ताईला काय सुनावणार? याच मंगळापायी तिने काय सोसलंय ते मी जवळून पाहिलंय. ती गेल्यावर रात्रभर तो रकाना डोळ्यांपुढून हलेना. ग्रह आणि देव यांची जी सांगड आपल्याकडे घातलेली आहे ती मुळात कशासाठी घातली आणि आज तिचं काय झालंय, याबद्दल बोलायची वेळ आली आहे असं मला वाटतं. हा विषय आता कुणाच्या देवघरापुरता उरलेला नाही. लग्नाच्या फॉर्मवर तो आहे, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींत आहे, मिनिटाला पैसे घेणाऱ्या मोबाइलवरच्या ज्योतिषात आहे.

आमचे आजोबा गिरगावात याज्ञिकी करायचे. वास्तुशांत असो, मुंज असो, साठीशांत असो, मुख्य कार्याआधी ग्रहमख, म्हणजे नवग्रहांची पूजा आणि होम, व्हायचं आणि मांडणीला हाताखाली मी असायचो. भुलेश्वरहून समिधांच्या जुड्या आणायचं काम माझं. सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. चौरंगावर कोरं वस्त्र अंथरायचं, त्यावर तांदळाच्या नऊ छोट्या राशी. मधोमध सूर्य, पूर्वेला शुक्र, दक्षिणेला मंगळ, पश्चिमेला शनी, उत्तरेला गुरू, बाकीचे चार कोपऱ्यांत. प्रत्येक राशीवर एक सुपारी. मला वाटायचं, झालं. पण खरं किचकट काम त्यानंतर सुरू व्हायचं. प्रत्येक ग्रहाच्या उजव्या अंगाला आणखी एक सुपारी, डाव्या अंगाला आणखी एक. उजवीकडची अधिदेवता, डावीकडची प्रत्यधिदेवता. चौरंगावर दाटी व्हायची, एखादी सुपारी घरंगळायची, आजोबा ती उचलून पुन्हा जागेवर ठेवायचे. एकदा कंटाळून मी म्हटलं, नऊ ग्रह मांडले की पुरे नाही का? ते म्हणाले, “अरे, ग्रहाला एकटं बसवायचं नसतं. उजवीकडे देव, डावीकडे देव, मग मध्ये तो.”

मत्स्यपुराणात या देवता एकेक करून सांगितल्या आहेत. सूर्याशी ईश्वर आणि अग्नी. चंद्राशी उमा आणि आप, म्हणजे पाणी. मंगळाशी स्कंद आणि भूमी. बुधाशी दोन्हीकडे विष्णूच. गुरूशी ब्रह्मदेव आणि इंद्र, शुक्राशी इंद्र आणि इंद्राणी. शनीशी यम आणि प्रजापती, राहूशी काळ आणि सर्प, केतूशी चित्रगुप्त आणि ब्रह्मदेव. यातल्या दोन जोड्यांपाशी मी नेहमी थांबतो. ज्या मंगळाचं नाव काढलं की मुलीच्या आईचा चेहरा उतरतो, त्याच्या डाव्या हाताला पृथ्वी बसवली आहे. पुराणांत मंगळ हा भूमीचा मुलगा, म्हणजे त्याच्या शेजारी त्याची आई आहे. आणि शनीच्या एका अंगाला मरणाचा देव तर दुसऱ्या अंगाला जन्म घालणारा. ज्यांनी कुणी ही मांडणी केली त्यांना ग्रहांची भीती ठाऊक होती, आणि ती भीती त्यांनी मोकाट सोडली नाही. माणसाला धीर यावा म्हणून देव शेजारी आणून बसवले. आज नेमकं उलट चाललंय. दोन्ही बाजूंचे देव उठवून ग्रह एकटा माणसापुढे उभा करतात, माणूस पुरता घाबरला की मग देवाच्या नावाची पावती फाडतात.

१९८६ साली ताई चोवीस वर्षांची होती. तिचा मंगळ सातवा. दोन वर्षांत नऊ स्थळं आली. प्रत्येक वेळी कांदेपोहे झाले, मुलगी पसंत पडली, पत्रिका दिली आणि आठवड्याभरात निरोप आला की योग नाही. शेवटी कुणीतरी सुचवलं, कुंभविवाह करून टाका. मुलीचं लग्न आधी मातीच्या घटाशी लावायचं, त्यात विष्णूची प्रतिमा ठेवायची, आणि विधी आटोपला की घट पाण्यात नेऊन सोडायचा किंवा फोडायचा. नवऱ्यावरचं गंडांतर त्या घटावर जातं म्हणे. आईने आजोबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सूनबाई, पोथीत आहे. धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी सांगितलेलं आहे, नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्या हातून होणार नाही. विष्णूला नवरा म्हणून पाटावर बसवायचं आणि तासाभरात बुडवायचं, आणि ते पोरीकडूनच करवून घ्यायचं?”

आईबाबा तरीही गेले. मुंबईबाहेरच्या एका क्षेत्री, तिथल्या एका गुरुजींकडे. मीही बरोबर होतो. पहाटेचा गारठा होता. ताईला पिवळी साडी नेसवली होती, कपाळाला मुंडावळ्या. समोर पाटावर तांबड्या मातीचा घट, त्याला सूत गुंडाळलेलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. गुरुजींना पुढचं कार्य होतं, त्यांनी भराभर उरकलं. मग ताईने तो घट स्वतःच्या हातांनी नदीत नेऊन सोडला, आणि मागे वळून पाहायचं नाही म्हणून तिला खांद्याला धरून आणलं. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. मुंडावळ्यांचा एक मणी तिच्या केसांत अडकून राहिला होता. कल्याण येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग मला म्हणाली, “माझ्यामुळे कुणीतरी मरणार, असं सगळ्यांना खरंच वाटतं का रे?”

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. दोन वर्षांनी ताईचं लग्न झालं. त्या मुलाने पत्रिका मागितलीच नव्हती. मेहुणे आज अडुसष्ट वर्षांचे आहेत, रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारतात. कुंभविवाहाचा कैवार घेणारे म्हणतील, बघा, उपाय लागू पडला. उद्या वाईट काही झालं असतं तर म्हणाले असते, दोषच भारी होता. दोन्हीकडून उपायच खरा ठरत असेल तर तो खोटा ठरायला वाव कुठे आहे?

जरा हिशेब मांडून पाहू. आपल्याकडे पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानी मंगळ असला की दोष धरतात. बारांपैकी पाच स्थानं. म्हणजे ढोबळमानाने शंभरातल्या एक्केचाळीस-बेचाळीस पत्रिका मंगळाच्या. दक्षिणेत दुसरं स्थानही धरतात. ते मिळवलं तर निम्म्या. मग त्यावर निर्दोष मंगळ, सौम्य मंगळ, स्वगृहीचा मंगळ अशा पळवाटा काढाव्या लागतात, कारण नाहीतर लग्नंच व्हायची नाहीत. निम्म्या माणसांना लागू होणारी गोष्ट अरिष्ट असू शकत नाही. आणि मंगळ मुलाच्याही पत्रिकेत असतो, पण नऊ-नऊ वेळा नकार ऐकून माजघरात जाऊन बसायची पाळी मुलीवर येते. मंगळाच्या मुलाला घटाशी बोहल्यावर उभं केलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

या मंगळाचं नाव तरी कुठून आलं? मूळ नाव अंगारक, म्हणजे निखारा. गणेशपुराणात कथा आहे. भूमीने वाढवलेल्या या मुलाने गणपतीची तपश्चर्या केली, चतुर्थीला मंगळवारी गणपती प्रसन्न झाला आणि त्याने वर दिला: तू मंगल म्हणून ओळखला जाशील, आणि मंगळवारी येणारी चतुर्थी तुझ्या नावाने अंगारकी म्हणवेल. निखाऱ्याला देवाने शुभ हे नाव दिलं. ग्रहाला देव जोडण्याचा अर्थ मला याहून स्पष्ट कुठे सापडलेला नाही. आणि आपण काय केलं? देवाने शुभ ठरवलेल्या ग्रहाच्या नावाने आपल्याच मुलींना अशुभ ठरवलं. अंगारकीच्या आदल्या रात्री, सोमवारी, माणसं घरून अनवाणी चालत प्रभादेवीला निघतात. सिद्धिविनायकाची रांग कुठच्या कुठे गेलेली असते. लहान मुलं आईच्या खांद्यावर झोपलेली असतात, कुणी पाण्याच्या बाटल्या वाटतं, कुणी केळी. मीही गेलेलो आहे. त्या रांगेत मंगळाला घाबरलेलं कुणी मला भेटलेलं नाही. तिथे सगळे गणपतीकडे आलेले असतात. देव शेजारी असताना ग्रहाचं काय होतं ते तिथे दिसतं.

मंगळाची देवता गणपती, हे तुम्ही दक्षिणेत जाऊन सांगितलंत तर लोक चकित होतील. तिथे मंगळ मुरुगनचा, म्हणजे कार्तिकेयाचा. ग्रंथांचा दाखला त्यांच्या बाजूने आहे. मत्स्यपुराणातला स्कंद तोच, सहाव्या शतकातल्या ज्योतिषी वराहमिहिराने बृहज्जातक या ग्रंथात मंगळाची देवता म्हणून दिलेला अग्निपुत्र तोच. आपण रोज म्हणतो त्या नवग्रहस्तोत्रातही मंगळाला ‘कुमारं शक्तिहस्तं’ म्हटलंय, हातात शक्ती घेतलेला कुमार, म्हणजे वर्णन कार्तिकेयाचंच. पण महाराष्ट्रात कार्तिकेयाचं मंदिर तुरळक, बायकांनी त्याचं दर्शन घ्यायचं नाही अशी रूढी, आणि गणपती तर घरोघरी. लोकांनी आपला ग्रह आपल्या देवाकडे सोपवला. गुरूचंही तसंच. मत्स्यपुराण अधिदेवता म्हणून ब्रह्मदेव सांगतं, वराहमिहिर इंद्र सांगतो, आणि आपण गुरुवारी जातो दत्ताला नाहीतर साईबाबांना. शनीची देवता पुराणात यम, वराहमिहिराकडे प्रजापती, आणि दादर-परळच्या रस्त्यावर मारुती. ग्रंथांतल्या या याद्यांत शनीपाशी मारुतीचं नाव नाही.

म्हणून मारुतीला शनिवारी तेल घालू नये असं मी सुचवतोय का? मुळीच नाही. ही सांगड माणसांनी आपल्या गरजेने, आपल्या मायेने बांधली आहे आणि प्रदेशागणिक, शतकागणिक ती बदलत आली आहे, एवढं त्यातून दिसतं. वारांचंही असंच आहे. वेदांगज्योतिष या आपल्या फार जुन्या ज्योतिषग्रंथात वार नाहीत. वाराचा उल्लेख असलेल्या आपल्याकडच्या जुन्या लेखांत मध्य प्रदेशातल्या एरणचा इ.स. ४८४ चा स्तंभलेख येतो; त्यात गुरुवार आहे. ज्या होरांवरून, म्हणजे दिवसाच्या चोवीस भागांवरून, वारांचा क्रम लावला ते होराशास्त्र यवनांकडून, म्हणजे ग्रीकांकडून, घेतल्याचं वराहमिहिराने दडवलं नाही. यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट नांदतं, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य, असं त्याने बृहत्संहितेत लिहून ठेवलंय. किती मोकळं मन! आणि आज अमुक ग्रहाला अमुक देवता, अमुक रत्न, अमुक वजनाचं, अमुक बोटात, हे वीज-पाण्याच्या नियमासारखं सांगतात. देवता म्हणजे त्या ग्रहाची ‘ऊर्जा’ असंही हल्ली ऐकू येतं. ऊर्जेचा नियम असता तर तो चेन्नईत आणि प्रभादेवीत वेगळा झाला नसता.

ज्योतिषाच्या भाकितांची तपासणी झालेली नाही असंही नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी काही सहकाऱ्यांसह पुण्यात ती केली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे मुलांच्या पत्रिका घेतल्या. त्यांतल्या चाळीस-चाळीस पत्रिका सत्तावीस ज्योतिषांनी तपासून दिल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच सांगायचं होतं. बरोबर आलेली उत्तरं होती ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. यापुढे जाऊन मी विज्ञानाचा पाढा वाचणार नाही, कारण ताईचा फॉर्म त्याने भरून होत नाही. माणूस पत्रिका घेऊन जातो ते खात्रीसाठी कमी आणि आधारासाठी जास्त.

शनीच्या साडेसातीत हे स्वच्छ दिसतं. शनैःचर म्हणजे सावकाश चालणारा. त्याला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, एका राशीत तो साधारण अडीच वर्षं असतो. आपली चंद्ररास, तिच्या अलीकडची आणि पलीकडची, अशा तीन राशींची मिळून साडेसाती. म्हणजे कुठल्याही क्षणी बारांतल्या तीन राशींना, ढोबळमानाने दर चार माणसांतल्या एकाला साडेसाती असतेच. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे एकट्या मुंबईत एकतीस लाख माणसं एकाच वेळी साडेसातीत. त्यांच्यात कुणाची नोकरी जाते, कुणाला मुलगा होतो, कुणाचं घर होतं. एवढ्या माणसांची दुःखं एका शनीच्या खुंटीला टांगली की त्या दुःखाचं खरं कारण शोधायचं राहून जातं. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. आमच्या चाळीतले एक काका त्यातले. संप लांबला, मग गिरणीने परत घेतलंच नाही. काकू एक दिवस आजोबांकडे आल्या, काकांची पत्रिका पदराखाली धरून. म्हणाल्या, “साडेसाती कधी संपते ते सांगा, तोवर मी काढीन कसंतरी.” आजोबांनी पत्रिका पाहिली, बाजूला ठेवली. म्हणाले, “शनिवारी मारुतीला जात जा, मनाला बरं वाटेल. आणि धाकट्याची फी भरायची राहिलीय ना, ती माझ्याकडून घेऊन जा.” याज्ञिकाकडे पैसा तो कितीसा असणार! पण काकूंना शनीच्या हवाली करून ते मोकळे झाले नाहीत.

शनिमाहात्म्य आपल्या घरांत शनिवारी वाचतात. उज्जयिनीच्या विक्रम राजाने शनीला हिणवलं, म्हणून त्याला साडेसाती लागली, चोरीचा आळ आला, हातपाय तोडले गेले, तेल्याच्या घाण्यावर बसावं लागलं. हे सगळं लोक भीतीने ऐकतात. शेवट मात्र घाईने वाचला जातो. शनी प्रसन्न होऊन वर माग म्हणतो, तेव्हा हातपाय नसलेला राजा आपले हातपाय मागत नाही. तो मागतो, की मला जशी पीडा दिलीस तशी दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. दशरथाच्या कथेतही तेच आहे. शनी रोहिणीचा शकटभेद करणार, म्हणजे त्या नक्षत्राच्या गाड्यासारख्या आकृतीतून जाणार, बारा वर्षं दुष्काळ पडणार, म्हणून तो रथ घेऊन थेट शनीसमोर उभा राहतो आणि प्रजेसाठी वर मागतो. शनीशी ज्यांचा सामना झाला असं परंपरा सांगते, त्या दोन्ही राजांनी मागितलं ते दुसऱ्यांसाठी. आणि ज्या गावात शनी उघड्यावर चौथऱ्यावर उभा आहे, त्या शिंगणापुरात बाईला त्या चौथऱ्यावर पाय ठेवायला २०१६ साल उजाडावं लागलं. उच्च न्यायालयाने १ एप्रिलला बजावलं, मग गुढीपाडव्याला वाट मोकळी झाली. परंपरा जपतो असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच पोथीचा शेवटचा अध्याय पुन्हा वाचावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता धंद्याबद्दल. शनिवारी सकाळी रानडे रोडवर दुकानं उघडत असताना लिंबू-मिरच्यांच्या माळा घेऊन फिरणाऱ्या बाया दिसतात. जुनी माळ सोडायची, नवी बांधायची, पुढच्या दुकानात जायचं. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. त्या माळेने कुणाचं घर बुडत नाही आणि कुणाच्या मुलीला नकार येत नाही. भांडण आहे ते आधी भीती घालून मग तिचा उतारा विकणाऱ्याशी. कालसर्पाचंच घ्या. पत्रिकेत सगळे ग्रह राहू आणि केतूच्या मध्ये आले की हा दोष धरतात. वराहमिहिराच्या बृहज्जातकात कालसर्प नावाचा योग नाही. आज पहाटे गाड्या भरभरून मुंबईची माणसं कसारा घाट चढून त्याच्या शांतीला जातात, त्यातली काही कर्ज काढून. राहूच्या शेजारचा सर्प, जो मांडणीत प्रत्यधिदेवता म्हणून पूजेला बसलेला होता, तोच आता माणसाच्या मानेवर बसवलाय. भीती नवी, तिला कपडे तेवढे जुने घातले.

कायद्याने यात हात घालावा का, यावर माझं मत अनेकांना पटणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्या कायद्यातून ज्योतिषाचा सल्ला वगळला आहे, नंदीबैलवाल्यांचासुद्धा. ती सवलत मला मान्य आहे. दारात नंदीबैल घेऊन येणाऱ्या माणसाला तुरुंगात घालून कुठलाही समाज शहाणा होत नाही. पण सल्ला देणं वेगळं आणि दोषाच्या धाकाने हमखास उपाय विकणं वेगळं. ही रेघ ओढता येत नाही असं म्हणणाऱ्यांना मी २०२१ ची आठवण देतो. त्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने टीव्हीवर हनुमान चालिसा यंत्र चमत्काराच्या दाव्याने विकणाऱ्या जाहिराती याच कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. म्हणजे मारुतीचं नाव घेऊन यंत्र विकलं तर ते चालत नाही. मग शनीचं नाव घेऊन साडेसातीचं पॅकेज विकलेलं का चालावं? फोनवर पलीकडचा माणूस “तुमच्या मुलाच्या जिवावर आहे, आजच्या आज अभिषेक करावा लागेल” म्हणतो, हे कुठल्या सल्ल्यात बसतं? माझी मागणी मोजकी आहे. ग्रहदोषाचा धाक घालून, फळाची हमी देऊन पैसे घेणं या कायद्याच्या कक्षेत स्पष्ट शब्दांत आणा. पूजा करणाऱ्याला, पंचांग पाहणाऱ्याला हात लावू नका.

“लोक राजीखुशीने देतात, तुमचं काय जातं?” असं मला घरातच ऐकवतात. राजीखुशीने कोण देतं? मुलीचे आईबाप देतात, आणि भोगायला मुलगी असते. नदीत घट सोडायला ताईला कुणी विचारलं होतं? दुसऱ्या बाजूचे माझे मित्र म्हणतात, हे सगळं थोतांड आहे, देवासकट फेकून द्या. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, पण परळच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात रात्री बसलेल्या माणसाला करण्यासारखं काहीतरी लागतं, हे त्यांनी लक्षात घ्यावं. वडील आत असताना मी स्वतः त्या बाकावर भीमरूपी म्हणत बसलो होतो. त्या वेळी कुणी शनी काढला असता तर मी कोसळलो असतो. तुकोबा तर पूर्ण देवाचे होते, आणि तेच म्हणाले, “सांगों जाणती शकुन । भूत भविष्य वर्तमान । त्यांचा आम्हांसी कंटाळा ।” देव जवळचा वाटणाऱ्या माणसालाच भविष्य सांगणाऱ्याचा कंटाळा येऊ शकतो.

२१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले होते, की साध्या डोळ्यांना जवळपास एकच चांदणी दिसत होती. सुमारे चारशे वर्षांनी ते इतके जवळ आले होते. आमच्या गच्चीवर भाचीने छोटी दुर्बीण लावली होती, तोंडावर मास्क बांधलेली बिल्डिंगमधली दहा-बारा माणसं रांगेने बघत होती. एकाच वर्तुळात गुरू, त्याचे चंद्र आणि कडं असलेला इवलासा शनी. ते दोघे मावळतीला गेल्यावर भाचीने दुर्बीण वर वळवली आणि म्हणाली, “आई, हा मंगळ.” ताईने डोळा लावला. तांबूस ठिपका, कडेला किंचित थरथरणारा. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली, मागचे लोक खोळंबले तरी कुणी तिला हटकलं नाही. खाली उतरताना जिन्यात तिने माझा हात धरला होता.

परवा ती पुन्हा आली, फॉर्म तसाच. मी तिला आजोबांच्या मांडणीची आठवण करून दिली. ग्रहमख संपलं की ते अक्षता हातात घेऊन ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणायचे, मांडणी उत्तरेकडे जराशी हलवायचे, आणि मग सगळ्या सुपाऱ्या, ग्रहांच्याही आणि देवांच्याही, पत्र्याच्या एकाच डब्यात भरायचे. जेवणाची पानं वाढण्याआधी चौरंग रिकामा झालेला असायचा. मुक्कामाला ग्रह कुणाच्याच घरात ठेवायचे नाहीत, असा त्यांचा शिरस्ता होता.

ताईने ऐकून घेतलं. मग पेन उचललं, त्या रकान्यातल्या तिन्ही चौकोनांवरून एक आडवी रेघ मारली. भाचीने खालच्या मोकळ्या जागेत मंडळाला दोन ओळी लिहिल्या: हा रकाना पुढच्या फॉर्मवरून काढून टाकावा, आम्ही पत्रिका देणार नाही आणि मागणारही नाही. फॉर्म मी स्वतः दादरच्या पोस्टात टाकून आलो. उत्तर अजून आलेलं नाही.